कुत्र्याला जात कुणी दिली?



मागल्या थंडीत आपल्या शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. तिसरी पाळी सुटली आणि झोप न काढता मी तसाच बघायला गेलो. मांडव, लाउडस्पीकर, मधी रिंगण. सायेब लोक कुत्र्याला दोरीनं धरून गोल पळवतायत. पंच येतो, जबडा उघडून दात बघतो, कान बघतो, शेपटीचा बाक बघतो, चाल बघतो. कागद निराळाच. त्यावर बाप, आजा, पणजा. शेजारचा एकजण खूश होऊन म्हणाला, "एकदम जातिवंत आहे हो, रक्तात भेसळ नाही!"

हे वाक्य मी लग्न जमवणाऱ्यांच्या तोंडी ऐकलंय.

आपल्या मराठीत कुत्र्याच्या वंशालाही शब्द 'जात' हाच. कागद असेल ते जातिवंत, नसेल ते गावठी. केनेल क्लब १८७३ साली लंडनात निघाला, आपल्याकडं १८९६ साली. साहेबाला शुद्ध रक्त शिकवायला इथला भट गेला नव्हता. पण साहेबाचं खूळ इथं आलं आणि त्याला आयतं घर सापडलं.

शुद्ध रक्ताचं फळ बुलडॉगमधी बघा. पिढ्यान्‌पिढ्या नाक चेपत आणलं, आता त्याला धड श्वास घेता येत नाही. बहुतेक कुत्रींचं बाळंतपण पोट फाडूनच करावं लागतं. १९३६ साली लाहोरवाल्यांनी बाबासाहेबांना जे भाषण करू दिलं नाही, त्यात त्यांनी रक्तशुद्धीचं हेच सोंग फाडलंय. जातीनं वंश सुधारतो म्हणता, मग हिंदू एवढे खुजे आणि दमाचे कच्चे का?

आपल्या मराठवाड्यातलंच घ्या. लातूरकडचं पश्मी, कारवान. वाऱ्यासारखं पळणारं, सडपातळ. रानोमाळ फिरणाऱ्या, शिकारीवर पोट भरणाऱ्या माणसांमागं ते पळालं. नाव लागलं मुधोळच्या राजाचं. २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं तेही मुधोळच्याच नावानं. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत जिल्हा परिषद अजून कुत्र्यांचं प्रदर्शन भरवते. ते मला बघवतं. तिथं माणूस आणि कुत्रं दोघांच्याही अंगावर एकच धूळ असते.

पण माझं खरं भांडण आपल्याशीच आहे. आपल्या भाषणांत, कवितांत ऊठसूट 'कुत्र्याचं जिणं' येतं. मीपण लिहिलंय, टाळ्या घेतल्यात. कुत्र्यानं आपलं काय केलं? मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांना गावाबाहेर काढलं आणि धन म्हणून कुत्री-गाढवं दिली. ते पुस्तक आपण २५ डिसेंबर १९२७ला महाडात जाळलं. कुत्री नाही जाळली. चवदार तळ्यावर कुत्रं पाणी पीत होतं, आपण पिऊ शकत नव्हतो. पण तळ्याला पहारा कुत्र्यानं बसवला नव्हता. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेब गांधींना म्हणाले, आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात. राग वागवणाऱ्यावर होता. त्यानंतर अडीच वर्षांनी, फेब्रुवारी १९३४ला राजगृहात काढलेला घरचा फोटो बघा. यशवंत, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद, आणि टॉबी. टॉबी म्हणजे बाबासाहेबांचं लाडकं कुत्रं.

भुंकायचं कुणावर, हे कुत्र्याला मालक शिकवतो. महाभारतात पांडवांचं कुत्रं एकलव्यावर भुंकलं. का? काळा, मळका, कातडं पांघरलेला दिसला म्हणून. त्यानं बाणांनी तोंड बंद केलं, तर गेला त्याचाच अंगठा. पुढं धर्मराज स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला. वा रे धर्मराज! अंगठ्याच्या वेळी तुझी जीभ कुठं होती?

माझ्या गल्लीतलं एक तांबडं कुत्रं मी रात्री पाळीवरून आलो की कोपऱ्यापासून दारापर्यंत सोबत येतं. त्याला ना कागद, ना बापाचं नाव. आता गल्लीतली कुत्री चावतात तीही आपल्याच पोरांना, सुईच्या रांगेत आपल्याच बाया उभ्या असतात, हे मी विसरलेलो नाही. त्याचा जाब महापालिकेला विचारू. त्यासाठी मोर्चा काढा, मी रजा टाकतो.

संपादकांना एकच विनंती. पुढच्या अंकासाठी 'कुत्र्याचं जिणं' लिहिलेली जी कविता येईल ती परत पाठवा. माझी एक तुमच्याकडं पडून आहे, ती आधी.