विश्लेषण : शिवनेरी महाराजांच्या हयातीत स्वराज्यात का आला नाही?

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, हे जुन्नर-आंबेगावातले शाळकरी पोरही सांगेल. मात्र हा गड महाराजांच्या हयातीत एकदाही स्वराज्यात आला नाही, हे फारसे सांगितले जात नाही. १६५७ ते १६७८ या काळात मराठ्यांनी एकदा जुन्नर शहर लुटले आणि दोनदा गड घेण्याचा प्रयत्न केला. गड हाती लागला नाही. शौर्य कमी पडले म्हणून असे झाले का? तसे नाही. उत्तर शोधायचे तर दोन्ही फौजांची बांधणी कशी होती, हे पाहावे लागते.

जुन्नर एवढे मोलाचे का होते?

कोकणातून घाटमाथ्यावर येणारी नाणेघाटाची वाट जुन्नरला पोहोचते. दक्षिणेकडे आंबेगावातले घोड नदीचे खोरे, मंचर, पुढे खेड आणि चाकण असा रस्ता पुण्याकडे जातो. शहराभोवती शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन आणि नारायणगड. निजामशाहीची पहिली राजधानीही जुन्नरच. १६३६ च्या तहानंतर हा मुलूख मुघलांकडे गेला आणि जुन्नर त्यांचे सरहद्दीवरचे मोठे ठाणे बनले. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या मराठा फौजेच्या बगलेवर हे ठाणे कायम बसलेले असे.

मुघल फौज कशी उभारलेली होती?

मुघल लष्कराचा पाया मनसबदारी हा होता. प्रत्येक सरदाराला ‘जात’ आणि ‘स्वार’ असे दोन आकडे मिळत. जातवरून त्याचा दर्जा आणि पगार ठरे, तर किती घोडेस्वार बाळगायचे ते स्वारच्या आकड्यावरून ठरे. पगारापोटी बहुतेकांना जहागीर मिळे. खोटी हजेरी लागू नये म्हणून घोड्याला डाग देत आणि स्वाराच्या चेहऱ्याचे वर्णन दप्तरात लिहून ठेवत.

औरंगाबादेत दक्षिणेचा सुभेदार, मुलखात फौजदार, ठाण्यात ठाणेदार आणि गडावर किल्लेदार अशी उतरंड होती. त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या गडाचा किल्लेदार थेट बादशहाच्या हुकमाने नेमला जाई. सुभेदार बदलला, सरदारांची आपसात भांडणे झाली, तरी गडाचा कारभार चालू राही. जड तोफा, तंबू आणि बाजारबुणगे सोबत असल्याने मैदानी फौज संथ चाले. पण एकदा वेढा घालून बसली की ती सहसा हटत नसे.

मराठा फौज वेगळी कशी?

सभासद बखरीत या फौजेची उतरंड दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारी असे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणत असे. प्रत्येक २५ स्वारांमागे पाणी देणारा पखालजी आणि नाल ठोकणारा नालबंद असे. पायदळाची साखळी नाईकापासून सुरू होई.

पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यानंतर मोहीम, असा वर्षाचा क्रम होता. मोहिमेवर बायका नेण्यास मनाई होती आणि लुटीचा हिशेब सरकारजमा करावा लागे. ही घडी एका दिवसात बसली नाही, ती राज्याभिषेकापर्यंत पक्की होत गेली. तिचा हेतू मात्र सुरुवातीपासून एकच दिसतो. हलके राहायचे, झटकन पोहोचायचे आणि शत्रू सावध होण्याआधी निघून जायचे.

१६५७ : वेग जिंकला

औरंगजेब तेव्हा शहजादा आणि दक्षिणेचा सुभेदार होता. विजापूरवरच्या मोहिमेत तो बिदर-कल्याणीकडे गुंतला होता. ३० एप्रिलच्या रात्री महाराजांच्या माणसांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला आणि पहारेकरी कापले. तीन लाख होन, २०० घोडे, कपडे आणि दागिने घेऊन ते निघूनही गेले. मुघलांची मोठी फौज दूर आणि ठाणे गाफील, अशा वेळी हलक्या फौजेचे पारडे जड होते. पण लूट झाली ती पायथ्याच्या शहराची. गड मुघलांकडेच राहिला.

चाकणने काय दाखवले?

तीन वर्षांनी, १६६० मध्ये, शाहिस्तेखानाने चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यांनी भर पावसाळ्यात सुमारे दोन महिने भुईकोट लढवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. मुघलांचे अडीचशेहून अधिक लोक मेले आणि सहाशे जखमी झाले. एवढी किंमत मोजूनही ते उठून गेले नाहीत, कारण मागून माणसे, दारू आणि पैसा येत राहिला.

मराठ्यांकडे असे वेढ्याचे जड साहित्य नव्हते. गड घेण्याचे त्यांचे मार्ग तीन होते : रात्री कडा चढणे, अचानक हल्ला करणे किंवा आतला माणूस फितवणे. १६७० मध्ये सिंहगड रात्री कडा चढूनच घेतला गेला. तिन्ही मार्गांना एकच अट होती. गडावरचा पहारा कुठे तरी ढिला पडायला हवा.

शिवनेरीने दाद का दिली नाही?

शिवनेरीवर तो ढिला पडला नाही. किल्लेदार अब्दुल अझीज खान याला १६७३ मध्ये मोठ्या रकमेचे आमिष दाखवण्यात आले. त्याने पैसे घेतले आणि बातमी दक्षिणेतला मुघल सेनापती बहादूरखान याला कळवली. गड ताब्यात घ्यायला आलेली मराठा फौज दबा धरून बसलेल्या मुघलांच्या तोंडी सापडली आणि नुकसान सोसून परतली. १६७८ मध्ये सुमारे ३०० मावळे रात्री दोर लावून चढले, तेव्हाही किल्लेदार सावध होता. आत शिरलेले मारले गेले. सकाळी कपारीत सापडलेल्यांना त्याने भेटी देऊन सोडले आणि मी असेपर्यंत हा गड तुम्हाला मिळणार नाही, असा निरोप पाठवला, असे सांगतात.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरला आला होता. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका साठा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे उपासमारीची भीती नाही, फितुरी फसलेली, चढाई उधळलेली आणि मदतीला मैदानी फौज. मराठ्यांच्या तिन्ही वाटा इथे बंद होत्या. शिवनेरी मराठ्यांकडे आला तो अठराव्या शतकात.

यातून काय घ्यायचे?

दोन्ही फौजांची ताकद वेगवेगळ्या कामासाठी घडली होती. एक चालण्यासाठी, दुसरी धरून ठेवण्यासाठी. स्वराज्याच्या गडांवरही धरून ठेवण्याची हीच काळजी दिसते. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकमेकांवर नजर ठेवत, कोठाराचा हिशेब कारखानीस पाही. गड एकाच माणसाच्या मर्जीवर सोडलेला नसे.

आज लढाईचा इतिहास मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत पाहिला जातो. त्यात तलवार दिसते, पण नालबंद, पखालजी आणि धान्याचे कोठार दिसत नाही. शिवजन्मस्थळाचे दर्शन घेऊन उतरताना अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि सात दरवाजेही थांबून पाहायला हवेत. गड का पडला नाही, ते या दगडांत वाचता येते. महाराजांना न मिळालेल्या गडाची गोष्ट सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. त्यांनी घेतलेला प्रत्येक गड किती अवघड होता, ते त्यातून कळते.