षट्कोनाचा आडोसा

“शास्त्र निर्दोष असतें, दोषी तो, जो त्याचा दुरुपयोग करतो,” हें वाक्य आमच्या सुशिक्षित वर्गांत सर्वमान्य होऊन बसलें आहे. प्रदेशरचनेच्या शास्त्राचा इतिहास पाहतां मात्र या वाक्याच्या आडोशाला स्वतः शास्त्रज्ञच लपून बसलेला दिसतो.

१९३३ सालीं वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञानें दक्षिण जर्मनींतील वस्त्यांचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. मिठासाठीं माणूस शेजारच्या गांवीं जातो, दागिन्यांसाठीं शहर गांठतो. जमीन सपाट, वस्ती सर्वत्र सारखी आणि गिऱ्हाईक जवळच्याच पेठेंत जाणारें, असें मानलें कीं बाजारपेठांचीं क्षेत्रें मधाच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी होतात, व खेड्यापासून महानगरापर्यंत एक सुबक उतरंड सिद्ध होते. अशी भूमि पृथ्वीवर कोठेंहि नाहीं. पण विचाराच्या सोयीसाठीं केलेल्या कल्पनेला कोणाची हरकत असावी?

हरकत पुढेंच आहे. १९३९ सालीं जर्मनीनें पोलंड जिंकला, आणि कोनराड मायरच्या ज्या कचेरींत हिमलरच्या अधिकाराखालीं पूर्वेकडील वसाहतींचे आराखडे तयार होत, तेथें क्रिस्टालर काम करूं लागला. पोल व ज्यू रहिवाशांना हुसकून लावावयाचें, आणि रिकाम्या केलेल्या मुलुखांत जर्मनांच्या नव्या पेठा शास्त्रोक्त अंतरावर वसवावयाच्या! काल जें गृहीत होतें, तेंच आज फर्मान झालें. आराखड्यांपैकीं पुष्कळसे कागदावरच राहिले. हकालपट्टी मात्र खरी झाली.

“काळच तसा होता,” असें कोणी म्हणेल. त्याला ऑगस्ट ल्योशचें उत्तर आहे. त्यानेंहि त्याच जर्मनींत राहून १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत षट्कोनच मांडले. परंतु नाझी राजवटीपुढें मान तुकविली नाहीं. १९४५ सालीं, अवघ्या ३८ व्या वर्षीं, तो निवर्तला. भूमिति दोघांची एकच होती. मग निवड भूमितीनें केली नाहीं, माणसानेंच केली, आणि तिचा जाबहि माणसानेंच दिला पाहिजे.

आज कंपासाची जागा संगणकानें घेतली आहे. सपाट मैदानाचा मोह मात्र गेलेला नाहीं. म्हणून वाचकांनीं कोणत्याहि विकास आराखड्यावर “मोकळी जागा” असे शब्द वाचले, कीं आंकडे तपासण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: ही जागा मोकळी होती, कीं केली जाणार आहे?