करमणुकीचा हक्क, कोरोनाचे नियम आणि आपले कार्यकर्ते

२०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत जिंतूरमधील एक बौद्ध कुटुंब खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आले. नवरा-बायको दोघेही कमावते, मुले लहान. चौघांच्याही तोंडावर मास्क असलेला एक फोटो त्यांनी व्हॉट्सअॅपवर टाकला. त्यावर आपल्याच काही कार्यकर्त्यांनी जो शिमगा केला, तो वाचून हे लिहिणे भाग पडले. दोन जयंत्या घरात बसून काढल्या, दीक्षाभूमीला जाताना कोरोना आडवा आला, मग पाळण्यात बसताना कोरोना कुठे गेला होता, असा एकंदर सूर होता. एकाने तर ही चळवळ विकून केलेली चैन आहे, असेही लिहून टाकले.

मी त्या कुटुंबाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. पण कार्यकर्त्यांच्या रागात एक खरी गोष्टही आहे. राग चुकीच्या घरी गेला, एवढेच.

तारखा पाहा. १४ एप्रिल २०२० ला देशभर टाळेबंदी होती. आपण जयंती घरात केली. मिरवणूक नाही, डीजे नाही, निळ्या झेंड्याखाली जमणे नाही. १४ एप्रिल २०२१ ला तर जयंतीच्याच रात्री आठ वाजल्यापासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध सुरू झाले. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे सरकारने सांगितले आणि दरवर्षी लाखोंनी दादरला जाणारा समाज घरी थांबला. १५ ऑक्टोबर २०२१ ला अशोक विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा सलग दुसऱ्या वर्षी झाला नाही. त्याच १५ ऑक्टोबरला राज्यातील उसाचा गाळप हंगाम सुरू झाला. आणि बरोबर एका आठवड्याने, २२ ऑक्टोबरला, नाट्यगृहे, चित्रपटगृहे आणि करमणूक पार्क उघडले. पाण्यातले खेळ बंद, कोरडे पाळणे चालू.

शाळांचे काय? ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरला सुरू झाले. पहिली ते चौथीची मुले मात्र १ डिसेंबरपर्यंत घरीच होती. म्हणजे जिंतूर तालुक्यातील सात वर्षांचे पोर तिकीट काढून झुल्यात बसू शकत होते, आणि फुकटच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाकावर बसण्यासाठी त्याला आणखी चाळीस दिवस थांबायचे होते. सरकारकडे याची कारणे असतील. लहान मुलांना लस नव्हती, वर्गात तासन्‌तास एकत्र बसावे लागते, वगैरे. पण हा प्रश्न विचारायचा असेल तर मंत्रालयाला विचारा. दिवाळीत चार दिवस मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बापाला काय विचारता? त्याने कोणता नियम मोडला? दोन्ही लसी घेतल्या होत्या, मास्क होता, पार्क सरकारच्या परवानगीने उघडे होते.

आता 'चैन' या शब्दाकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते त्यावर.

संविधानाचे अनुच्छेद १५ आपण भाषणात रोज घेतो. त्याचे दुसरे खंड किती जणांनी सावकाश वाचले आहे? धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते सांगते. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते त्याच खंडात पुढे येतात. करमणूक आणि पाणी एकाच खंडात आहेत. हे उगाच घडलेले नाही. ज्या समाजाला तमाशाच्या फडात नाचवले, वाजवायला लावले, पण प्रेक्षक म्हणून बरोबरीने बसू दिले नाही, त्या समाजासाठी करमणुकीच्या जागेचे दार उघडणे हे पाणवठा उघडण्याइतकेच गरजेचे होते. आणि अनुच्छेद ४३ वाचा. कामगाराला निर्वाहापुरते वेतन तर मिळावेच, पण माणसासारखे जीवनमान, फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधीही मिळाव्यात, यासाठी राज्याने झटावे, असे तिथे लिहिले आहे. फुरसत हा शब्द संविधानात आहे, बंधूंनो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला पगारी रजा देणारी कायद्यातील दुरुस्ती १९४५ ची, आणि आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. या माणसाला फुरसतीची किंमत कळत नव्हती काय? आपल्या आजोबा-पणजोबांना सुट्टी हा प्रकारच माहीत नव्हता. येसकरकी करणाऱ्याला कसली आली सुट्टी? गावात मढे झाले, जनावर मेले, पाटलाकडे पाहुणे आले, की रात्री-बेरात्री हाक यायची. त्या घराण्यातील पोरगा आज आठ दिवसांची रजा टाकून बायको-मुलांना घेऊन निघतो. याला चैन म्हणणारा माणूस कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे, हे त्याने स्वतःला विचारावे.

आणि सहलीचा इतिहास काढायचाच असेल तर बाबासाहेबांचाच काढू. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी सांगितलेल्या स्वतःच्या प्रवासांपैकी दोन सुखाचे प्रवास म्हणूनच सुरू झालेले. १९०१ साली शाळेला सुट्टी लागली तेव्हा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून, आगगाडीने, वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुलांनी रात्र काढली. जवळ खायला होते, प्यायला पाणी मिळाले नाही. मुलांची सुट्टी होती ती!

दुसरा प्रवास १९३४ चा, आपल्या मराठवाड्यातला. बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. दाराजवळच्या हौदात धुळीने भरलेले हातपाय धुतले आणि गर्दी अंगावर धावून आली. त्या गर्दीत हिंदू नव्हते, तरी जात होतीच. अखेर किल्ला पाहू दिला तो एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

ऑक्टोबर २०२१ च्या आदेशातही पाण्याची अट होती, पण ती सगळ्यांना सारखी होती. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. २०२० मध्ये सरकार आणि टीव्हीवाले 'सोशल डिस्टन्सिंग' म्हणू लागले तेव्हा आपण हरकत घेतली होती, फिजिकल डिस्टन्सिंग म्हणा म्हणून. ती हरकत बरोबरच होती. विषाणू जात विचारत नाही. झुल्यात एक जागा मोकळी सोडून बसणे हे आरोग्याचे अंतर, आणि दौलताबादला बाबासाहेबांबरोबर चालणारा तो शिपाई हे समाजाने ठेवलेले अंतर. जिंतूरच्या त्या मुलाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती ती साथीमुळे. पलीकडच्या खुर्चीत कोणाचा मुलगा बसला होता हे त्याला माहीत नव्हते आणि त्या दुसऱ्यालाही नव्हते. तिकिटाच्या रांगेत आडनाव सांगावे लागत नाही. गावच्या जत्रेत अजूनही सांगावे लागते.

पण म्हणून थीम पार्क म्हणजे समतेचे नंदनवन, असे मी म्हणत नाही. तिथे जात विचारत नाहीत, खिसा विचारतात. आपण महाडला, चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला भाकरी बांधून जातो. अशा पार्कांची सर्वसाधारण रीत अशी की बाहेरचे खाणे आत चालत नाही, भूक लागली की आतल्याच दराने खायचे. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. चौघांचे तिकीट, जेवण आणि साडेचारशे किलोमीटर जाण्या-येण्याचा खर्च त्या मजुरीत मोजायला बसलात तर महिना पुरणार नाही. अनुच्छेद १५ ने दार उघडले. दारापर्यंत नेणारा रस्ता अनुच्छेद ४३ मध्ये आहे, आणि तो न्यायालयात मागता येत नाही.

रस्ता म्हणताना मी खरोखरच्या रस्त्याबद्दलही बोलतो आहे. जिंतूरला रेल्वे नाही. रेल्वे गाठायची तर परभणी नाहीतर सेलू, आणि तिथवर जायचे तर एसटी. ऑक्टोबरच्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो राज्यभर पसरला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्येही गाड्या पूर्ववत झालेल्या नव्हत्या. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या त्या कामगारांचा संप रास्त होता. त्यांच्यात आपलेच भाऊबंद किती आहेत हे वेगळे सांगायला नको. सरकारने दिवाळीत पार्क उघडले, पण गरिबाला घराबाहेर काढणारी गाडी आगारात उभी राहिली. ज्याला जीप ठरवता आली तो गेला. जालन्याहून औरंगाबादकडे जाताना त्याला करमाड लागले असेल. ८ मे २०२० च्या पहाटे तिथल्याच रुळांवर, जालन्याच्या स्टील कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघालेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांनाही घरीच जायचे होते.

आणि आता उसाचे सांगतो. कार्यकर्त्यांच्या रागाला खरी जागा इथे आहे. दसऱ्याच्या आगेमागे आपल्या तालुक्यातील तांड्यांवरून आणि वस्त्यांमधून कोयते निघाले. मुकादमाची उचल फिटवायची म्हणून नवरा-बायको, पाठीवर बिऱ्हाड, सोबत लेकरे. झुल्याच्या खुर्च्या दर फेरीला पुसायच्या, निम्मेच लोक आत सोडायचे, दारात ताप मोजायचा, असे नियम पार्कांना होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकाआड एक बसा, असे मुकादमाला कोणी सांगितले? फडावरच्या कोपीत ताप मोजायला कोण गेले? २०२० च्या टाळेबंदीत सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले, एप्रिलच्या मध्यावर कुठे त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला. त्या अनुभवानंतरही पुढच्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामात ट्रॉली भरून गेलीच. साखर थांबत नाही.

लसीचेही तसेच. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. ज्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावातील केंद्रावर पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा डोस आला नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा तो पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडात. डोस कुठेही घेता येत होता, हे मान्य. पण पहाटे चारला कोयता घेऊन निघणाऱ्या बाईने मोबाइलवर नोंदणी करून, एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचे केंद्र गाठायचे, हे कागदावर सोपे असते. आणि त्याच नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला की लसीचा किमान एक डोस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, लेण्यांचे तिकीटही नाही. लस घ्यावीच, मी स्वतः वस्तीत फिरून लोकांना घ्यायला लावली आहे. पण लेण्यांचे तिकीट आणि रेशनचे धान्य एकाच यादीत लिहिणाऱ्या हाताला उपास कशाला म्हणतात हे ठाऊक नसावे.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा १० तारखेपासून करमणूक पार्क, किल्ले, संग्रहालये पुन्हा बंद झाली, शाळाही बंद झाल्या. या वेळी मात्र शाळा २४ जानेवारीपासून आधी उघडायला सांगितल्या आणि पार्क १ फेब्रुवारीला. हा क्रम योग्य होता. ऑक्टोबरमध्येही तो तसाच ठेवता आला असता, हे यावरून दिसतेच.

आपल्या तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण आहे, नेमगिरीची लेणी आहेत. १४ एप्रिलच्या आधी तहसील कार्यालयात द्यायच्या निवेदनात मी तीन मागण्या घातल्या आहेत. येलदरीला सरकारी खर्चाने, बिनतिकिटाचे, भाकरी नेता येईल असे मुलांचे उद्यान. जिल्हा परिषद शाळांच्या सहलींसाठी समाजकल्याण खात्याकडून पूर्ण खर्च, ऊसतोड कामगारांची मुले गावी परततात त्या महिन्यांत. आणि पुढच्या हंगामात कोयते निघण्याआधी ट्रॉलीत किती माणसे बसणार, फडावर आरोग्य पथक कोणत्या वारी येणार, हे कारखान्याकडून लेखी. तिसऱ्या मागणीवर काही जणांचे म्हणणे आहे की हा विषय तहसीलदाराच्या हातातला नाही, साखर आयुक्तांना लिहा. मग दोन प्रती काढू.