विमान कुठून उडणार ते नंतर बघू, आधी मधले दीडशे किलोमीटर बघा

नांदेडचं विमानतळ ते लातूरचं विमानतळ, अंतर किती? नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण सव्वाशे किलोमीटर. विमानाला वीस-पंचवीस मिनिटांचं काम. लोहा, अहमदपूर, चाकूर असं रस्त्यानं गेलात तर दीडशेच्या आसपास, म्हणजे गाडीनं तीन तास धरा. रेल्वेचं विचारूच नका. परभणी, परळी असा वळसा घ्यावा लागतो. थेट मार्गाची मागणी करणारे म्हातारे झाले.

मी अहमदपूरचा. आम्हाला दोन्ही शहरं जवळपास सारखीच लांब, त्यामुळं कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. म्हणून स्पष्ट लिहितो, लातूरकरांनी रागावू नये.

2009 साली ही दोन्ही विमानतळं बारामती, यवतमाळ, धाराशिवच्या सोबत 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीकडं गेली. नांदेडला गुरु-ता-गद्दीच्या निमित्तानं 2008 मध्येच मोठं काम झालं होतं. एप्रिल 2017 मध्ये 'उडान'मधून नांदेड-हैदराबाद सुरू झालं. पुढं सेवा बंद पडली, 2024 मध्ये पुन्हा विमानं आली. आता विचार करा. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे, पंजाब-दिल्लीकडचा हक्काचा यात्रेकरू आहे. तिथं सेवा सलग टिकत नाही, तर लातूरला स्वतंत्र विमान कशाच्या जोरावर टिकणार? कंधार, लोहा, अहमदपूर, चाकूर इथला प्रवासी तर तोच आहे. तोच दोन ठिकाणी वाटला की दोन्हीकडं खुर्च्या रिकाम्या. (उदगीरवाल्यांना तर बीदरच जवळ, ते आपल्या वादात नाहीतच.)

लातूरला विमान नकोच, असं मी म्हणत नाही. ते येईपर्यंत काय, एवढंच विचारतोय. लातूर-अहमदपूर-नांदेड विमानतळ अशी विमानाच्या वेळेला जोडलेली एसटी सुरू करायला धावपट्टी लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. आज बसनं नांदेडला उतरायचं, बॅगा घेऊन रिक्षा शोधायची; संध्याकाळी विमान उतरलं की परतीला खासगी गाडी. पेशंट सोबत असेल तर बोलायलाच नको. गाडीभाडं धरलं की स्वस्त तिकिटाची सगळी मजा गेली.

याच दोन जिल्ह्यांनी शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव आणि अशोकराव असे चार मुख्यमंत्री दिले. तरी 2009 मध्ये आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून आपण एवढे भांडलो, की दोघंही अजून छत्रपती संभाजीनगरलाच खेटे घालतोय. विमानाचंही तेच करायचंय का?

पुढच्या वेळी नेते 'लातूरहून उड्डाण' म्हणाले की त्यांना दोनच गोष्टी विचारा: कोणती कंपनी, कोणती तारीख? आणि तोवर नांदेड विमानतळाला जाणारी एसटी किती वाजता?