दुखत नसतानाही अ‍ॅस्पिरिन का?

डोके दुखले की अ‍ॅस्पिरिन, हा तिचा जुना लौकिक. परंतु हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टर तीच गोळी अल्प प्रमाणात, बहुधा ७५ मिलिग्रॅम, रोज घ्यावयास सांगतात. दुखत काहीच नाही, मग ही गोळी कशासाठी, असा प्रश्न घरच्या मंडळींना साहजिकच पडतो.

आपल्याकडील वाळुंज ज्या कुळातला, त्याच कुळातील विलो वृक्षाच्या सालीने ताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये कळविले होते. त्या सालीतील द्रव्याशी नाते सांगणारे अ‍ॅसेटिलसॅलिसिलिक आम्ल जर्मनीत १८९७ मध्ये शुद्ध स्वरूपात सिद्ध झाले. तीच अ‍ॅस्पिरिन.

रक्तात बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, नावाचे सूक्ष्म कण असतात. बोट कापले की ते परस्परांना चिकटतात व रक्त थांबते. हाच उपकारक गुण हृदयाच्या रोहिणीत घातक ठरतो. तेथील मेदाचा थर फुटला, तर गुठळी होऊन रक्ताची वाट अडते. इतर बिंबाणूंना जमविण्यासाठी बिंबाणू थ्राँबोक्झेन हे द्रव्य निर्माण करतो. ते घडविण्यास लागणाऱ्या एन्झाइमला अ‍ॅस्पिरिन आपला अ‍ॅसेटिल गट जोडून कायमचे निकामी करते. बिंबाणूला केंद्रक नसल्यामुळे त्याला नवे एन्झाइम फारसे घडविता येत नाही. त्याचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. तेवढा काळ त्याची ही शक्ती जवळजवळ लोपते. रोज नवे बिंबाणू रक्तात येतात, म्हणून गोळीही रोज. प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांवरील अ‍ॅस्पिरिनची ही क्रिया जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडली. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका आल्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू पाच आठवड्यांत २३ टक्क्यांनी घटले.

तथापि, जी गोळी गुठळी रोखते तीच जठरात रक्तस्रावही घडवू शकते. म्हणून शेजाऱ्याला दिली म्हणून निरोगी माणसाने ती आपल्या मनाने सुरू करू नये. डेंग्यूची शंका असलेल्या तापात ती टाळावी. मुलांना तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीच देऊ नये. आणि दात काढावयाचा आहे किंवा आता बरे वाटते, एवढ्यावरून आजोबांची गोळी परस्पर बंदही करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. ती थांबली, की काही दिवसांतच बिंबाणू पुन्हा पूर्वीसारखे एकवटू लागतात, आणि ते आजोबांना जाणवतही नाही.