दुसरा राऊटर पहिलीच्या वर्गाकडे न्या



शाळेत इंटरनेट आलं की राऊटर बसतो मुख्याध्यापकांच्या टेबलामागे. शालार्थ, यू-डायस, सगळी ऑनलाइन माहिती तिथूनच भरायची, त्यामुळे ते ठीकच. पण मैदानापलीकडे पहिली-दुसरीचे वर्ग असले, तर तिथे एक रेघही दिसत नाही. पुस्तकातला दीक्षाचा क्यूआर कोड उघडायला बाई स्वतःचा डेटा वापरतात.

‘लहान मुलांना नेट कशाला?’ असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या हरसूल भागात घरी कोकणा किंवा वारली बोलणारं मूल पहिलीत येतं. पुस्तकातला मराठी शब्द चित्रासह पाहण्या-ऐकण्याची गरज सातवीच्या मुलापेक्षा त्यालाच जास्त आहे.

मग कोणी सांगतं, रिपीटर आणा, प्लगमध्ये खोचला की झालं! मोठ्या आवारात त्यावर पैसे घालू नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे तो पुढे काय पाठवणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

त्यापेक्षा लॅन केबल टाका. ती सलग १०० मीटरपर्यंत चालते. दुसरा राऊटर जुना असला तरी चालेल. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड असेल तर तो निवडा. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदला, पहिल्याचा १९२.१६८.०.१ असेल तर त्याच मालिकेतला, कुणालाही न दिलेला पत्ता द्या. मग डीएचसीपी बंद करून केबल वॅनमध्ये नाही, लॅनमध्ये लावा. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक मोबाईलला हजेरी क्रमांक देणारा. एकाच वर्गात दोन शिक्षक क्रमांक द्यायला लागले तर काय होईल, सांगायला नको. नाव-पासवर्ड तेच ठेवा, चॅनल मात्र वेगळं. २.४ गीगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ ही चॅनलं एकमेकांत घुसत नाहीत.

आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. केबल बाहेर वापरायचीच घ्या, पाइपातून न्या, आणि पावसाळ्यात शाळा सुटताना दोन्ही टोकं काढून ठेवा.

दुसऱ्या राऊटरने नेट वाढत नाही, फक्त पुढे पोचतं. एकच कनेक्शन वाटलं जातं, म्हणून ऑफिसची माहिती शाळा सुटल्यावर भरली तर बरं. पालकांनी पुढच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीआधी मोबाईल घेऊन शेवटच्या वर्गात जावं, किती रेघा दिसतात ते बघावं आणि बैठकीत तेवढंच विचारावं.