प्रमाणपत्र कोणाचे?

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये दोन-तीन कामगार गुदमरून मेल्याची बातमी आली की पाठोपाठ एक ठरलेली घोषणा येते : सफाई कामगारांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रे वाटण्यात येतील. प्रशिक्षण हवेच, त्याबद्दल दुमत नाही. माझी तक्रार अशी की आपण प्रमाणपत्र चुकीच्या माणसाच्या हाती देत आहोत.

यासाठी इंग्लंडमधील धुराडी झाडणाऱ्या मुलांचा इतिहास प्रत्येक प्रशासकाने एकदा तरी वाचावा. अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी खरवडून घेण्याची तेथे रीत होती. १७८८ साली पहिला कायदा झाला आणि आठ वर्षांखालील मुलांना उमेदवारीवर घेण्यास बंदी आली. मूळ मसुद्यात आणखी एक कलम होते : जो कंत्राटदार ही मुले राबवतो, त्याने परवाना घेतला पाहिजे. उमरावांच्या सभागृहाने नेमके तेवढेच कलम गाळले. पुढे १८३४ च्या कायद्याने मुलाची संमती आवश्यक केली. त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आपण हे काम स्वखुशीने पत्करतो असे सांगायचे. (उपाशी पोराची स्वखुशी! कागदावर मात्र ती निर्दोष दिसते.) १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी झाली, १८६४ मध्ये शिक्षा वाढवली गेली. मुले चढतच राहिली. मालकांना धुराडी स्वस्तात साफ करून हवी होती, मग साक्ष कोण देणार?

१८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळील फुलबोर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला आणि मेला. त्याच्या मालकाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी नवा कायदा मंजूर करून घेतला. त्यात मुलांबद्दल नवे असे फारसे नव्हते. धंदा करणाऱ्या मालकाने दरवर्षी पोलीसप्रमुखांकडून प्रमाणपत्र घ्यावे, जुन्या कायद्यांचा भंग केल्यास न्यायालय ते काढून घेईल, एवढीच काय ती भर. आणि ही प्रथा संपली. गाळलेले कलम परत यायला सत्त्याऐंशी वर्षे लागली.

आता आपल्याकडे पाहू. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१३ च्या कायद्यातील ‘धोकादायक सफाई’ची व्याख्या मालकावरच बोट ठेवते : संरक्षक साधने न देता आणि खबरदारी न घेता माणसाकडून गटार वा टँक साफ करून घेणे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना दहा लाख रुपये देण्यास सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. २०२३-२४ पासून केंद्राची ‘नमस्ते’ योजना कामगारांची नोंद घेते, त्यांना साधनांचे संच, आरोग्यविमा व प्रशिक्षण देते, यंत्रांसाठी अनुदानही देते. ही योजना चांगली आहे आणि ती मनापासून राबवणारे अधिकारी आहेत.

पण या सर्वांत मृत्यूच्या आधी नोंद होते ती कामगाराची. कंत्राटदाराचे नाव सरकारदरबारी येते ते पंचनाम्यात. केंद्रीय कायद्यात त्याच्यासाठी आगाऊ परवान्याची अट नाही. काही ठिकाणी मैला वाहून नेणाऱ्या टँकरला परवाना लागतो. म्हणजे वाहन ओळखीचे आणि मालक अनोळखी!

कामगाराला शिकवायचे तरी काय? हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की हा वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते. वायुमापक आत सोडल्याशिवाय उतरू नये, हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर मुळीच उतरू नये, वर दोरी धरणाऱ्याने काही झाले तरी आत उडी घेऊ नये. दुसरा आणि तिसरा बळी जातो तो बहुधा पहिल्याला वाचवताना. हे ज्ञान अमूल्य आहे. पण वायुमापक विकत कोणी घ्यायचा? तिवई आणि कप्पी कोणी आणायची? रोजंदारीवरच्या माणसाने ‘मापक नाही, मी उतरणार नाही’ असे म्हटले तर संध्याकाळी त्याची चूल कोण पेटवणार? हे ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून आपण काहीच मागत नाही. उलट अपघात झाला की ‘तो तर प्रशिक्षित होता’ हे वाक्य बचावाच्या कामी येते.

परवाना म्हटला की ‘इन्स्पेक्टर राज’ची ओरड होईल. बॉयलरच्या बाबतीत ही ओरड कोणी गांभीर्याने करीत नाही. १९२३ च्या कायद्यापासून बॉयलरच्या मालकाला जास्तीत जास्त बारा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळत आले. ते नसताना बॉयलर वापरला की स्फोट झालेला नसतानाही मालक गुन्हेगार ठरत असे. लोखंडी भांड्यासाठी जे शंभर वर्षांपूर्वी सुचले, ते मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी सुचत नाही, यामागे तो माणूस कोणत्या जातींतून येतो हे कारण आहे, आणि ते आपण सारे जाणतो. ‘पूर्वकौशल्यास मान्यता’ असा शब्दप्रयोग हल्ली कौशल्यविकासात रूढ आहे. या धंद्यातील पूर्वकौशल्य पिढ्यान्‌पिढ्या लादलेले आहे. त्यावर शिक्का मारून आपण कोणता उपकार करतो?

गटार वा टँक साफ करण्याचे काम घेणाऱ्या प्रत्येकाला एक वर्षाचा परवाना सक्तीचा करावा. शोषणयंत्र, वायुमापक, तिवई व प्रशिक्षित माणसे दाखवल्याशिवाय तो देऊ नये. विनापरवाना माणसाला काम देणारी गृहनिर्माण संस्था, हॉटेल वा कारखाना हेही दंडास पात्र असावेत, कोणी मेले नसले तरी. परवान्यावर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ठळक छापावे. पालिका स्वतः कंत्राट देते तेव्हा ही अट निविदेतच घालता येते. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आयुक्तांची सही पुरते.